चिखलमिश्रित खडक

जगभरातले बँडवाले गाणं सुरू करताना 'वन, टू, थ्री, फोर' म्हणतात. आमचे भाऊसाहेब खैरनार 'प्रति! विषय! संदर्भ! महोदय!' म्हणतात. 'महोदय' संपता संपता ढोलावर टिपरू पडायचं आणि त्याच क्षणी मी बेस गिटारची जाड तार छेडायची, असा आमचा करार आहे. गेल्या दोन वर्षांत मला तो एकदाही पाळता आला नाही. बहुतेक वेळा मी 'संदर्भ'लाच सुटतो.

भाऊसाहेब एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतात. कोणत्या, ते सांगत नाही. त्यांची अजून नोकरी बाकी आहे आणि मला अजून त्यांच्या शेजारी राहायचं आहे. बाहेरून आलेला कागद वहीत नोंदवायचा, शिक्का मारायचा, माणसाला पोच द्यायची आणि कागद आत सरकवायचा, हे काम ते सत्तावीस वर्षं करताहेत. इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, तेल लावून बसवलेला भांग. हा मनुष्य नाशिकमधल्या एका मराठी पंक रॉक बँडचा गायक आहे हे त्यांच्याकडे बघून कुणी ओळखणार नाही. गाणं ऐकूनही पटकन ओळखत नाहीत, तो भाग वेगळा.

या बँडचं नाव 'आवक-जावक'. बँडमध्ये आम्ही तिघं. भाऊसाहेब गातात आणि गिटारवर तीन कॉर्ड वाजवतात. दिंडोरीकडचा दत्तू ढोल वाजवतो. त्याचा टेम्पो आहे, हंगामात तो द्राक्षांची कॅरेट वाहतो आणि गणपतीत ढोलपथकात असतो. तिसरा मी. मी शाळेत भूगोल शिकवतो. सहा तारांपेक्षा चार तारा सोप्या असणार, एवढ्या एका विचारावर मी बेस गिटार घेतली. भूगोलाचा माणूस संगीतात जास्तीत जास्त इतकाच विचार करू शकतो.

आता भाऊसाहेबांना या नादाला कुणी लावलं ते सांगतो. लावलं त्यांच्याच एका चुकीने.

दोनेक वर्षांपूर्वी परदेशातला एक पंक बँड दौऱ्यावर निघाला होता. एका जुनाट गाडीतून गावोगाव फिरत चाललेली चार पोरं. त्यांचा एक कार्यक्रम आपल्याकडच्या एका द्राक्षबागेत ठरला आणि त्याच्या परवानगीचा अर्ज भाऊसाहेबांच्या टेबलावर आला. विषय होता, 'पंक रॉक आयोजनास परवानगी मिळणेबाबत'. भाऊसाहेबांचं संस्कृत चांगलं. पंक म्हणजे चिखल, हे त्यांना 'पंकज' शब्दामुळे पाठ होतं. रॉक म्हणजे खडक, हे कुणालाही कळतं. त्यांनी समासात लाल पेनाने 'चिखलमिश्रित खडक' असा शेरा मारला आणि अर्ज गौण खनिज शाखेकडे पाठवून दिला. गौण खनिज शाखेने उत्खनन किती ब्रास करणार अशी विचारणा केली.

दोन दिवसांनी बँडची गायिका स्वतः कचेरीत आली. हिरवे केस, तेही उभे. ती टेबलावर हात आपटून बराच वेळ इंग्रजीत बोलली. भाऊसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "लेखी द्या."

'लेखी द्या' हा त्यांच्या तोंडचा मंत्र आहे. भाजीवाली वाटाणा ताजा आहे म्हणाली तरी ते अर्ध्या मनाने 'लेखी द्या' म्हणतात. तर त्या पोरीने खरंच लेखी दिलं. तेव्हा कुठे घोळ उघडकीला आला. भाऊसाहेबांना इतकी लाज वाटली की परवानगीचा कागद घेऊन ते स्वतःच्या स्कूटरवरून बागेत गेले, आणि कागद देईपर्यंत कार्यक्रम सुरू झाल्यामुळे तिथेच अडकले.

"वीस मिनिटांत अकरा गाणी, सर!" दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. दाढीसुद्धा केलेली नव्हती. "दीड-दीड मिनिटात विषय निकाली! आणि विषय कोणते? मी विचारून घेतलं ना एकाला. एक गाणं घरभाड्यावर. एक बेकारांच्या कचेरीतल्या रांगेवर. सर, रांगेवर गाणं!"

मी म्हणालो, "हो का."

"त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वी पोरांना काम नव्हतं. कुणी ऐकेना. वाजवता येत नव्हतं तरी त्यांनी गिटारी उचलल्या आणि ओरडायला लागले. पंक म्हणजे हेच. माझ्या टेबलावर येणारा माणूस दुसरं काय करतो? ओरडता येत नाही म्हणून तीन पानं लिहितो. त्यांच्याकडे गिटार, आमच्याकडे फूलस्केप!"

मला त्यातलं अर्धंच कळलं. पण बायकोच्या देखत कुणी मला इतक्या तळमळीने काही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यामुळे महिन्याभराने त्यांनी बँड काढला तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

भाऊसाहेबांची सगळी गाणी अर्ज आहेत. 'नळाला आठ दिवस पाणी न येणेबाबत' हे आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं. त्याखालोखाल 'मयत व्यक्तीस हयात दाखविल्याबाबत'. नावगाव ते बदलतात, पण वाक्यं लोकांचीच. इतकी वर्षं शिक्के मारताना जी मनात राहिली ती. 'तरी साहेबांनी गरिबाकडे एकदा मान वर करून बघावे' हे धृपद त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडलं की माझ्या अंगावर काटा येतो आणि माझा ताल चुकतो.

बंडाच्या बाबतीत मात्र ते अतिशय शिस्तीचे. आमची तालीम माझ्या पार्किंगमध्ये होते. त्याआधी कॉलनीच्या फलकावर नोटीस लागते: 'आज सायंकाळी ५ ते ६ या वेळेत सदर इसम आरडाओरडा करणार असून रहिवाशांनी सहकार्य करावे.' एकदा सहाला दोन मिनिटं कमी असताना दत्तू रंगात आला आणि सहा वाजून गेले तरी थांबेना, तर भाऊसाहेबांनी त्याच्या हातातलं टिपरू काढून घेतलं. मी हसलो; पण मला हसायचा काय अधिकार? कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट मी हौसेने विकत घेतला आणि वाटेत विद्यार्थ्यांचे पालक भेटतील म्हणून उलटा घालतो. त्यामुळे कवटी माझ्या छातीला आतून बघत असते आणि कॉलरपाशी धुण्याच्या सूचना दिसतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती चेष्टेची नाही.

भाऊसाहेबांना एकच मुलगी, मुक्ता. ती दहावीत असताना तिची आई गेली. बापलेकींनी मिळून घर चालवलं. पुढे मुक्ताने एक मुलगा पसंत केला. चांगला, मिळवता, पण जात वेगळी. तिने एका रविवारी चहा पिताना वडिलांना सांगितलं आणि भाऊसाहेबांच्या तोंडून सवयीने गेलं, "लेखी दे."

मुक्ताही त्यांचीच मुलगी. हसत हसत आत गेली आणि अर्धं पान लिहून घेऊन आली. 'विषय: लग्नास संमती मिळणेबाबत'. भाऊसाहेबांनी चष्मा लावून वाचलं, कोपऱ्यात 'विचाराधीन' असं लिहिलं आणि कागद कपाटात ठेवला. सहा महिने तो तिथेच राहिला. मुलाबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. पण गावाकडून त्यांच्या भावांचे फोन यायचे, आणि भाऊसाहेब ना भावांना काही बोलायचे ना पोरीला. एके दिवशी तिने रजिस्टर लग्न केलं आणि पिंपळगाव बसवंतला राहायला गेली. तेव्हापासून चार वर्षं ती त्यांच्याशी बोललेली नव्हती.

त्या सहा महिन्यांत एकदा ती माझ्याकडेही आली होती. "काका, तुम्ही बोला ना बाबांशी. तुमचं ऐकतात ते." मी म्हणालो, "बघतो." माझ्या आयुष्यातलं मोठं बंड करायची संधी शेजारच्या दारातून चालत आली होती आणि मी तिला 'बघतो' म्हणालो. बघितलं काहीच नाही.

यंदा ऐन द्राक्षाच्या हंगामात भाऊसाहेबांनी जाहीर केलं की बँडने दौरा काढायचा. खरा पंक बँड दौऱ्यावर जातो, गाडीत झोपतो, मिळेल ते खातो. दौरा म्हटल्यावर त्यांच्यातला कारकून जागा झाला आणि मंत्र्यांचा असतो तसा छापील दौरा कार्यक्रम माझ्या हातात पडला. शनिवारी सायंकाळी पंचवटी. रविवारी सकाळी 'टेम्पोने दिंडोरीकडे प्रयाण'. आणि रविवारी दुपारी चारला 'पिंपळगाव बसवंत येथे आगमन व राखीव'.

"राखीव म्हणजे काय?" मी दत्तूला बाजूला घेऊन विचारलं. माझा अंदाज मिसळीचा होता.

"सर, मुक्ताताई द्राक्षं भरायच्या ज्या पॅकहाऊसला कामाला हाय ना, तिथंच मी माल टाकतो," दत्तू म्हणाला. "मालकाला बोललोय. चहाच्या सुट्टीत वाजवायचं. ताईला नाय सांगितलं. भाऊसाहेब म्हणले, सांगशील तर ती रजा टाकील."

म्हणजे सगळा दौरा त्या एका चहाच्या सुट्टीसाठी होता. बाकीची गावं वाटेत होती म्हणून घेतलेली.

पंचवटीत आम्ही भाजीबाजाराच्या कडेला उभे राहिलो. भाऊसाहेबांनी माइकवर 'प्रति! विषय! संदर्भ! महोदय!' अशी आरोळी ठोकली, आणि मी सुटायच्या आत समोर रांग लागली. परदेशात म्हणे पंकच्या तालावर लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. आमच्याकडे लोकांना वाटलं सरकारी शिबिर आहे. सगळ्यात पुढे एक आजीबाई रेशन कार्ड घेऊन उभ्या. "माझं नाव कमी झालंय बाबा, कुठं द्यायचा कागद?" मी म्हणालो, "आजी, हे गाणं आहे." त्या म्हणाल्या, "असू दे की. कागद घे."

भाऊसाहेबांनी गिटार खाली ठेवली, फळांच्या खोक्यावर बसले आणि खिशातलं निळं पेन काढलं. तासभर ते लोकांचे अर्ज लिहून देत होते. मी आणि दत्तू मागे हळूहळू वाजवत राहिलो. कौतुक वाटलं ते एका रिक्षावाल्याला. तो म्हणाला, शिबिरात म्युझिकची आयडिया चांगली आहे.

दिंडोरीला एका वायनरीच्या हिरवळीवर रविवारची मंडळी जमली होती. टोप्या, गॉगल, हातात पेले. तिथे आमचं पहिलं गाणं संपलं तेव्हा लोकांनी बोटांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश झालो. इतक्यात व्यवस्थापक येऊन नम्रपणे म्हणाला, "काका, जरा मेलोडियस काही?"

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि 'बागेतील मजुरांसाठी बस थांब्यावर शेड मिळणेबाबत' सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला व्यवस्थापकाने वीज बंद केली. माझी बेस विजेशिवाय फक्त लाकूड आहे, त्यामुळे मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण भाऊसाहेब उघड्या गळ्याने ओरडत राहिले आणि दत्तूच्या ढोलाला विजेची गरज कधीच नव्हती. कुंपणापलीकडे घड तोडायच्या कात्र्या हातात घेतलेल्या बाया उभ्या होत्या. त्यांनी शिट्ट्या मारल्या. आम्हाला जेवण न देता काढून दिलं. दौऱ्यातला तेवढाच भाग नियमाप्रमाणे झाला.

पिंपळगावच्या वाटेवर भाऊसाहेबांच्या मांडीवर एक घडी घातलेला कागद होता. दोनदा उघडून त्यांनी तो वाचला. मी विचारलं, "नवीन गाणं? तालमीला नव्हतं ते." ते म्हणाले, "चाल सोपी आहे, सर." मला त्यांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. मी द्राक्षाला लागणाऱ्या काळ्या जमिनीबद्दल बोललो.

पॅकहाऊसच्या अंगणात दत्तूने टेम्पोचा मागचा फाळका पाडला, तेच आमचं स्टेज. आतून वायर ओढली. चारची घंटा झाली आणि डोक्यावर टोप्या, गळ्यात उतरवलेले मास्क अशा बाया हसत-बोलत बाहेर आल्या. सगळ्यात शेवटी मुक्ता आली, हातात चहाचा कागदी कप. आमच्याकडे लक्ष गेलं आणि ती दारातच थांबली.

"प्रति!" भाऊसाहेब ओरडले.

मी 'विषय'ची वाट बघत होतो. पण ते हळू आवाजात म्हणाले, "मुक्ता."

दत्तूने टिपरू वर धरलं तसंच ठेवलं. माझ्या गिटारीतून अर्थातच एक चुकार सूर सुटला.

"विषय," भाऊसाहेब कागद बघून वाचू लागले, "आपला अर्ज, लग्नास संमती मिळणेबाबत. संदर्भ…" पुढे त्यांना वाचता येईना. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कागद खिशात कोंबला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "हो!"

ते पुन्हा ओरडले, "हो!" तिसऱ्या 'हो'ला दत्तूचं टिपरू पडलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलो. आख्ख्या गाण्यात तो एकच शब्द होता. बायांना काही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी ठेका धरला. मिनिटभरात गाणं संपलं.

मुक्ता चालत टेम्पोपाशी आली. "चार वर्षं झाली बाबा लग्नाला."

"हो."

"मग आता त्या 'हो'चं मी काय करू?"

भाऊसाहेब पुन्हा चष्मा काढून पुसू लागले.

"नाही म्हणाला असतात ना, तर भांडले असते मी. घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी रोज विचारायचे आणि तुम्ही चष्मा पुसत बसायचात."

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "तुझ्या काकांना घाबरलो. लोकांना घाबरलो. तू बरोबर होतीस, मला तेव्हाच माहीत होतं. मी घाबरलो."

माइक चालूच होता. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. दत्तू बटण बंद करायला वाकला, तर मुक्ता म्हणाली, "राहू द्या दत्तूभाऊ." मग ती माझ्याकडे वळली. "आणि काका, तुम्ही बोलणार होतात ना बाबांशी?"

"मीही घाबरलो होतो," मी म्हणालो. कॉलरपाशी धुण्याच्या सूचना मिरवणारा माणूस दुसरं काय म्हणणार!

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाया कप टाकून आत निघाल्या. मुक्ताही निघाली. भाऊसाहेबांचा चेहरा मला बघवेना. दारापाशी पोचल्यावर ती थांबली आणि मागे न बघताच म्हणाली, "साडेसहाला सुटते मी. थांबणार असाल तर तिकडे झाडाखाली बसा. उन्हात नको. त्या दिवशीसारखी चक्कर येईल."

कोणत्या दिवशीसारखी, ते मला माहीत नव्हतं. शेजारी राहूनसुद्धा त्यांना चक्कर आल्याचं मला कळलं नव्हतं. तिला पिंपळगावात बसून कळलं होतं.

भाऊसाहेब आम्हाला म्हणाले, "तुम्ही निघा." मी विचारलं, परत कसे येणार. ते नुसतेच हसले. गिटार आमच्याकडे दिली, पाण्याची बाटली घेतली आणि झाडाखाली एक रिकामं कॅरेट पालथं घालून बसले.

मला रडू आलं, ते लपवत नाही. दत्तूने टेम्पो मुद्दाम सावकाश फिरवला. आरशात मला झाड दिसत होतं. पॅकहाऊसचं दार उघडलं की भाऊसाहेब उठून उभे राहत, शर्ट सारखा करत. कुणीतरी भलतंच बाहेर येई, आणि ते पुन्हा बसत. हायवेला लागेपर्यंत ते चार वेळा उठले. साडेसहा वाजायला अजून दोन तास होते.